गालिच्यातली लिफ्ट

दातांच्या डॉक्टरणीचा गालिचा चिंध्यामावशीकडे दुरुस्तीला आला, तेव्हा त्याचा मधला भाग ठणठणीत होता आणि कडा पार गेल्या होत्या. सहसा हे उलटं असतं. माणसं गालिच्याच्या मधून चालतात, म्हणून झिजतो तो मधला भाग. पण हा अंथरलेला असायचा दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, चारी बाजूंनी खुर्च्या. खुर्च्यांवर बसलेले लोक आतला आवाज ऐकत टाचा घासत राहायचे. वीस वर्षांच्या भीतीनं कडा कुरतडून ठेवल्या होत्या.

"मावशी, शनिवारी हवा हं," डॉक्टरीण म्हणाली. "गालिचा नसला की लोक फरशीकडे बघतात, आणि फरशी थेट बाहेरच्या दारापर्यंत जाते. काल हा गुंडाळून ठेवला, तर एक जण सुजलेला गाल तसाच घेऊन पळाला."

"शनिवारी नक्की," मावशी म्हणाली.

चिंध्यामावशी हे तिला सगळ्या इमारतीनं ठेवलेलं नाव. तिला त्याचं काही वाटायचं नाही. जुन्या चादरी, पडदे, सदरे, झगे, काहीही आणा. ती दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या टराटरा फाडायची, एकीच्या टोकाला चीर देऊन दुसरी त्यातून ओवायची, की गाठ नको आणि शिवण नको, आणि सगळ्याचा भलामोठा गोळा करायची. मग जाड लाकडी सुईनं गोल गोल विणत जायचं. या कामात मेख एकच. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा मोठी, म्हणून दर फेरीला सात टाके जास्त घ्यायचे. सातांचे दहा झाले तर गालिचा कोबीच्या पानासारखा चुरमडतो. वाढ घ्यायला विसरलं तर कड वर उचलते आणि गालिच्याचं टोपलं होतं. चाळीस वर्षांत मावशीच्या हातून कोबी दोनदा झाला होता. टोपलं कधीच नाही.

मोठा गालिचा विणताना मधे वजन लागतं, नाही तर तो विणणारीच्या मांडीवर चढत राहतो. पूर्वी मावशी मधे पाण्यानं भरलेली बादली ठेवायची. दोन महिन्यांपासून ती तिथं नवरा ठेवत होती.

नवरा छत्तीस वर्षं गावाच्या दुसऱ्या टोकाला, नऊ मजली कचेरीत, लिफ्टमन होता, म्हणून सगळे त्याला लिफ्टमामा म्हणायचे. दाराशेजारी स्टूल, हाताशी पितळी दांडा, तोंडात एकच शब्द: "कितवा?" मग एके दिवशी एक पोरगेला इंजिनियर आला, दांडा काढला आणि तिथं दोन रांगा बटणं बसवली. नऊही मजल्यांच्या सह्या असलेलं निरोपाचं एक कार्ड घेऊन लिफ्टमामा घरी आला. घर दुसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. घरात बसायला त्याला जमेना. जागा चहूकडे पसरलेली, भिंती लांब लांब. मग तो फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या फटीत जाऊन उभा राहायचा. तिथं त्याला बरं वाटायचं.

"अहो, फ्रिज उघडायचाय, सरका," मावशी म्हणायची. तो सरकायचा आणि पुन्हा जागेवर. छत्तीस वर्षं तिनं या माणसाच्या घरी असण्याची वाट पाहिली होती. आता तो घरी होता आणि तरी वाट पाहणं काही संपलं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "नुसते उभे राहता, तर निदान इथं बसा. बादलीला कळ लागते हो." बादलीला कसली कळ? पण तो येऊन बसला. मावशीला तेवढंही पुष्कळ होतं.

तर डॉक्टरणीचा गालिचा. फाटक्या फेऱ्या उसवत उसवत मावशी धड फेरीपर्यंत आली. मूळ रंग गडद निळा. घरातल्या चिंध्या तपासल्या, निळं काही निघेना. मग तिला लिफ्टमामाची ट्रंक आठवली. कचेरी दर तीन वर्षांनी गणवेश द्यायची, आणि जुना कोट टाकायला या माणसाचा हात कधी धजला नव्हता. बारा निळे कोट. जाड, करकरीत कापड, अगदी हाच रंग.

"अहो, हे कोट आता कशाला हवेत?" तिनं स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं.

फ्रिजच्या फटीतून काही उत्तर आलं नाही. या घरात लिफ्टमामा गप्प राहिला की त्याचा अर्थ 'हो' असा धरायची पद्धत होती. लेकीचं लग्नसुद्धा तसंच ठरलं होतं. मावशीनं सोमवारी सकाळी बाराच्या बारा कोट फाडले.

दुपारी तो फटीतून बाहेर आला, निळ्या पट्ट्यांच्या ढिगाकडे बघितलं, एक पट्टी उचलली, बोटांत फिरवली, परत ठेवली. मग गालिच्याच्या मधोमध जाऊन बसला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"काय झालं?" मावशीनं विचारलं.

काही नाही.

"विचारलं होतं मी!"

काही नाही.

"बरं," मावशी म्हणाली. "तुम्ही नाही, तर मीही नाही." आणि तिनं सुई उचलली.

इथं ती चूक झाली. हात टाके घालत होते, पण मावशी मोजत होती नवऱ्याचे दोष. पहिल्या फेरीत पंधरा झाले. दुसऱ्या फेरीत लग्नापासूनचे घेतले, ते एकोणतीस. तिसऱ्या फेरीत सासरकडच्यांचे धरले आणि मोजदादच सुटली. मागच्या फेरीच्या प्रत्येक घरात एक टाका, एकच टाका, आवळून आवळून. रागानं विणलेला टाका घट्ट बसतो. वाढीचे सात टाके कुठल्या कुठे राहिले. कड वर उचलली. तिनं ते पाहिलं नाही, कारण पाहायचं तर त्याच्याकडे पाहावं लागलं असतं. त्याच्या लक्षात आलं, पण सांगायचं तर बोलावं लागलं असतं. मंगळवारी संध्याकाळी मावशीचा हात खांद्याच्या वर जायला लागला, तेव्हा तिनं मान उचलली. समोर निळी भिंत होती. कोटाचं कापड कडक, टाका आवळलेला. भिंत कुणाच्या आधाराशिवाय ताठ उभी. भिंतीच्या वर नवऱ्याचं टक्कल दिसत होतं.

'झालं टोपलं,' मावशी मनात म्हणाली. आता उसवायला हवं. ती गोळा शोधायला लागली. विणलेलं उसवायचं तर सुईवरच्या शेवटच्या टाक्याचं घर मोकळं करून गोळ्याकडून ओढत जायचं. पण गोळा नेहमीसारखा मधे, म्हणजे आत होता, लिफ्टमामाच्या मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेला. त्याचा चेहरा मात्र दोन महिन्यांत पहिल्यांदा सैल झाला होता. चारी बाजूंना भिंत, हाताच्या अंतरावर. त्यानं पाठ टेकली, डोळे मिटले.

त्या दिवसापासून तो आतच राहिला. जेवण वरून आत द्यायचं. झोप बसल्याबसल्या, तशी त्याला सवयच. मोरीत जायचं झालं तर गोळा काखेत मारून जायचा आणि पट्टी त्याच्यामागं घरभर लोळत जायची. भिंतीवर तो तेवढ्यापुरता पुठ्ठा अडकवायचा: लिफ्ट बंद आहे.

तो पुठ्ठा वाचून मावशीच्या कपाळावर आठी पडली, पण विचारणार कसं? बोलणं बंद होतं.

बुधवारी चौथ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई दम खायला दारात टेकल्या. त्यांचे गुडघे कामातून गेले होते. वर चढताना त्या प्रत्येक मजल्यावर कुणाकडे तरी पाच मिनिटं बसायच्या आणि त्या मजल्यावरची बातमी पुढच्या मजल्यावर न्यायच्या.

"हे काय हो, मामा?" त्यांनी आत डोकावून विचारलं.

लिफ्टमामा सावरून बसला. "कितवा?" तो म्हणाला.

मावशीच्या हातातली कात्री थांबली. सोमवारपासूनचा पहिला शब्द, आणि तो मास्तरीणबाईंना!

"चौथा," मास्तरीणबाई गमतीनं म्हणाल्या, आणि पिशवीसकट भिंत ओलांडून आत बसल्या.

"पिशवी आत घ्या. हात बाहेर काढू नका." त्यानं हवेतला दांडा डावीकडे ढकलला. दोघंही समोर बघत राहिले, लिफ्टमधली माणसं बघतात तशी, कशाकडेच नाही. थोड्या वेळानं तो म्हणाला, "चौथा. सांभाळून उतरा."

मास्तरीणबाई उतरल्या, दारातून बाहेर पडल्या, आणि लगेच डोक्यावर, दोन मजले वर, त्यांचं कुलूप उघडल्याचा आवाज झाला. जिन्यात त्यांचं कण्हणं ऐकू आलं नाही. चौथ्या मजल्यावर त्या बोलल्या ते मात्र तळापर्यंत ऐकू आलं: "अहो, गुडघ्याला कळसुद्धा नाही लागली!"

झालं. गुरुवारी सकाळी दारात रांग. तळमजल्यावरचा शिंपी घरी जेवायला पाचव्या मजल्यावर जायचा, तो आला. पोस्टमन आला. तिसऱ्या मजल्यावरची नवीन सून शिवणयंत्र घेऊन आली. लिफ्टमामानं तिला सांगितलं की सामान आणि माणूस एका वेळी नाही, आधी यंत्र. यंत्र एकटंच आत बसून तिसऱ्या मजल्यावर गेलं म्हणतात. मावशीनं ते आपल्या दारातून कुणी उचलून नेताना पाहिलं नाही, एवढं खरं. चप्पल काढायची, भिंत ओलांडायची, मजला सांगायचा, समोर बघायचं. सगळे याच दारातून आत आणि याच दारातून बाहेर, आणि एकालाही धाप नाही.

"मावशी, तुमच्या घरात एवढी सोय, आणि तुम्ही बोलला नाहीत!" शिंपी म्हणाला.

"मी बोलतेय का कुणाशी?" मावशी खेकसली.

शिंप्याची नजर टेबलावर गेली. तिथं डब्यात बारा कोटांची पितळी बटणं होती. "मामा, ही आतून टाचून देऊ का ओळीनं? छान दिसतील."

लिफ्टमामानं त्याच्याकडे असं पाहिलं की शिंपी रांगेतून बाहेर आला आणि जिन्यानं गेला. दोन दिवस त्याला तळमजल्याशिवाय मजला मिळाला नाही.

शुक्रवारी लेक आली. ती नकाशे काढायच्या कचेरीत होती आणि पर्समध्ये मोजपट्टी बाळगायची. तिनं भिंतीची उंची घेतली, घेर घेतला.

"आई, हा गालिचा नाही. ही विहीर आहे."

"मला दिसत नाही?"

"मग उसव."

"गोळा त्यांच्याकडे आहे."

"मग माग."

"आधी त्यांनी बोलावं."

लेकीनं आत वाकून पाहिलं. "बाबा, आईशी बोला ना."

"कितवा?" बाबा म्हणाले.

"बाबा, मी आहे!"

"मजला सांगा, बाई. माणसं खोळंबलीत."

लेकीनं मोजपट्टी पर्समध्ये टाकली. जाताना दारात आईला म्हणाली, "तुला गालिचा हवाय का बाबा हवेत, ते आधी ठरव. दोन्हींचा घेर मी घेतलाय, एकच आहे." आणि रागारागानं जिन्यानं उतरली, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी.

मावशीनं त्या दिवशी हातात काम घेतलं नाही. रांगेतल्या लोकांना ती पाहत बसली. पोस्टमनला नवरा विचारत होता, शिंप्याच्या बायकोला विचारत होता. सगळ्यांना काही तरी विचारलं जात होतं. फ्रिजच्या फटीत तो उभा असायचा तेव्हा तिला वाटायचं, कुठं जाईल, येईलच बाहेर. आता तो नुसता गप्प नव्हता, कामावर होता. आणि कामावरून हा माणूस छत्तीस वर्षांत एकदाही लवकर घरी आला नव्हता.

शनिवारी दहाच्या ठोक्याला डॉक्टरीण आली. "मावशी, गालिचा?" मग तिनं टोपलं पाहिलं, टोपल्यातला माणूस पाहिला, रांग पाहिली. दातांचा धंदा करणाऱ्या माणसाला तोंडापुढं हात धरायची सवय असते. तिनं तो धरला.

"थांबा जरा," मावशी म्हणाली. तिनं चप्पल काढली आणि रांगेच्या शेवटी उभी राहिली.

"अहो मावशी, तुमचंच घर, पुढं या की," पोस्टमन म्हणाला.

"नको. नंबर लागू दे."

नंबर लागला. तोवर पोस्टमन वरची पत्रं वाटून आणि शिंपी वरून जेवून पुन्हा तिच्या मागं रांगेत लागले होते. मावशी भिंतीवर एक पाय टाकून लटपटली, शिंप्यानं कोपराला धरलं, आणि ती धपकन आत पडली. आतून निळं निळं होतं आणि जुन्या ट्रंकेचा वास होता. त्याच्या गुडघ्याला तिचा गुडघा लागला.

तो समोर बघत होता. "कितवा?"

त्याच्या लिफ्टमध्ये ती कधी बसली नव्हती. त्या कचेरीत तिचं काय काम? त्यामुळे उत्तर तयार नव्हतं. "तुम्ही कितव्याला उतरता?" तिनं विचारलं.

"मी उतरत नाही. मी माणसं सोडतो."

"मग मीही उतरत नाही."

"असं चालत नाही. आत आलेला माणूस उतरतो."

"कुठं लिहिलंय?"

"लिहायला कशाला हवं?" तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला. "उतरायचंच असतं गं. नाही तर आत यायचं कशाला?"

'गं' ऐकून मावशीनं पदरात पडलं तेवढं घेतलं. "कोट फाडायच्या आधी मी विचारलं होतं."

"विचारलं होतंस."

"तुम्ही काही बोलला नाहीत."

"लिफ्टमध्ये पाटी होती: चालकाशी बोलू नये."

"घरात नव्हती ना!"

तो गोळ्यावरून हात फिरवत राहिला. "मी गप्प राहिलो की तू 'हो' धरतेस."

"मग काय धरू?"

"कधी तरी नुसतं गप्प धरावं." आणि गोळ्याची पट्टी चिमटीत धरून, "त्यातल्या चौथ्या कोटात मी पडलो होतो. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली तेव्हा. बाही फाटली होती, तूच शिवलीस."

मावशीनं समोरच्या भिंतीवर बोट फिरवलं. "ती बाही हीच असेल. किंवा ती. मला ओळखू येत नाही हो आता. मी विचारून थांबायला हवं होतं."

बाहेर शिंपी खाकरला. "मामा, मला तळमजला. गिऱ्हाईक बसलंय."

"माझेपण पेशंट बसलेत," डॉक्टरीण म्हणाली. "बसलेत म्हणजे, अजून असले तर."

"उतर बघू," लिफ्टमामा कुजबुजला. "रांग लागलीय."

"नाही उतरत."

"तुझं कोपर लागतंय."

"लागू दे."

तो इकडे सरकला, तिकडे सरकला. लिफ्ट डुलली. छत्तीस वर्षांत दारुडे आले होते, रडणारे आले होते, एक जण बकरी घेऊन आला होता. सगळे कुठं ना कुठं उतरले होते. न उतरणाऱ्या प्रवाशाचं काय करायचं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"हे बघ," तो म्हणाला, "दोन माणसं आत बसून राहिली आणि कुणी कुठंच जात नाही, तर ती लिफ्ट नव्हे. ती खोली झाली."

"झाली तर झाली."

"खोलीत बसायला मला जमत नाही गं."

"एकटीला मलासुद्धा जमत नव्हतं. बसले. छत्तीस वर्षं."

यावर तो गप्प झाला. मावशीनं या वेळी त्याचा काही अर्थ धरला नाही. ती गप्पच बसली. बाहेर रांग चुळबुळली, पोस्टमननं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"मग मी उतरतो," लिफ्टमामा शेवटी म्हणाला, आणि भिंतीला धरून उठला.

"कितवा?" मावशीनं विचारलं.

त्यानं वरून खोलीकडे पाहिलं. टेबल, बटणांचा डबा, फ्रिज, दारातली माणसं. नीट विचार करून म्हणाला, "दुसरा."

"दुसराच आहे. सांभाळून उतरा."

तो उतरला. बसून बसून पाय आखडले होते, जमिनीवर पाय टेकताना तोल गेला, डॉक्टरणीनं सावरलं. गोळा त्याच्या हातातच होता. भिंतीच्या कडेवर सुई अडकवलेली होती. त्यानं ती काढली, घर मोकळं झालं, आणि पट्टी ओढली. पहिला टाका सुटला. मग दुसरा. मावशी आत बसल्या जागी पट्टीबरोबर हळूहळू फिरायला लागली.

"सैल गुंडाळू नका," ती म्हणाली. "गोळा घट्ट हवा."

"तू हलू नकोस मग."

"मी कुठं हलतेय? तुम्ही ओढताय!"

"मामा," शिंपी कासावीस होऊन म्हणाला, "आणि आम्ही?"

लिफ्टमामानं वर न बघता सांगितलं, "जिना आहे की."

रांग मोडली. पोस्टमन पुटपुटत गेला. डॉक्टरणीनं विचारलं की आता सपाट होऊन मिळणार कधी, तर दोघंही एकदम बोलले. मावशी म्हणाली सोमवारी आणि तो म्हणाला बुधवारी, कारण आपला हात नवा आहे, वाढीचे टाके शिकायला वेळ लागेल. "तुम्हाला कुणी सांगितलं शिकायला?" मावशी म्हणाली. "मग मधे कोण बसणार?" तिनंच पुढं विचारलं. त्यानं सरळ तिच्याकडे बोट दाखवलं. डॉक्टरीण बुधवार लिहून घेऊन निघून गेली.

भिंत एव्हाना मावशीच्या गळ्यापर्यंत उतरली होती आणि दोघांचं भांडण चांगलं रंगलं होतं, दर फेरीला सात टाके म्हणजे नेमके कुठं कुठं घ्यायचे यावरून. बाहेर जिन्यात मास्तरीणबाई बाजार करून आल्या होत्या. पायरीपायरीला थांबून त्या या इमारतीला नावं ठेवत होत्या, पण आतल्या दोघांच्या आवाजात त्यांचं कुणाला ऐकूच गेलं नाही.